अर्धं वाक्य

पडद्यावर माझ्या वडलांचा फोटो होता. डोळ्यांवर काळी पट्टी. वर्तमानपत्रात पकडलेल्या चोरांच्या डोळ्यांवर असते तशी.

विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं होती. एसी जोरात होता. मी सहाव्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर. पट्टीमुळे चेहरा कुणाला ओळखता आला नसता. मला हात पुरे झाले. आबांच्या नखांवर आणि बोटांच्या टोकांवर पिवळे डाग आहेत. तेजाबाचे. ते धुऊन जात नाहीत. कातडी निघते तेव्हा जातात आणि आठवड्यात परत येतात.

पुढच्या रांगेतून कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, "याची तर बोटंसुद्धा सोन्याची आहेत!"

हॉल हसला. व्याख्यान देणारे आमचे सरही हसले. मग त्यांनी लेझरचा लाल ठिपका फोटोखालच्या ओळीवर नेला आणि वाचलं, "'हो, असं सोनं आमच्याकडे आलं होतं.' एक गलाईवाला, जॉर्ज टाउन." थोडं थांबून म्हणाले, "सोन्याच्या आयात धोरणातली गळती शोधताय ना? ती ही."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

एवढं लिहायला मला आठ महिने लागले.

मी आंतरराष्ट्रीय व्यापार या विषयात एम.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आबा सातवी शिकलेत. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भागातली माणसं गलाईच्या कामासाठी देशभर जातात. लोकांचे जुने दागिने वितळवायचे, तेजाबात उकळून त्यातलं तांबं-चांदी वेगळं करायचं, तळाशी राहिलेली तपकिरी भुकटी पुन्हा मुशीत घालून शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची. सोनं गिऱ्हाइकाचं असतं. धूर आमचा. आबा तीस वर्षं चेन्नईत हेच करतायत. भट्टीच्या वर लाकडी माळा आहे, तिथं आम्ही दोघं राहतो. आई आजीला बघायला गावी गेली ती तिकडेच राहिली.

वर्गात मला 'सेट्टु पोण्णु' म्हणायचे. इथं सोन्याच्या बाजारात दिसणाऱ्या प्रत्येक परप्रांतीयाला सेट्टु म्हणतात, म्हणजे सावकार; पोण्णु म्हणजे पोरगी. वर्गातली वैष्णवी अण्णा नगरच्या श्रीमंत वस्तीतून गाडीनं यायची. दर महिन्याला विचारायची, "सेट्टु, ट्रीट एप्पो?" म्हणजे पार्टी कधी. मी हसायची. सावकाराची पोर माळ्यावर झोपते, हे सांगावंसं वाटायचं. सांगितलं नाही. दुपारी लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर बसून डबा खायची. घरी शुल्क, कोटा, व्यापारतूट यांतलं कुणाला काही सांगता येत नव्हतं, आणि कॉलेजात घराबद्दल. दिवसचे दिवस असे जायचे की बस कंडक्टरशी बोलले तेवढंच.

पहिल्या सत्रात सरांनी फळ्यावर आयातशुल्काची आकृती काढली होती. शुल्क लावलं की ग्राहकाच्या खिशातून जे जातं, त्यातलं काही देशातल्या उत्पादकाला मिळतं, काही सरकारला. शेवटी दोन छोटे त्रिकोण उरतात. ते कुणालाच मिळत नाहीत. नुसते वाया जातात. सगळ्यांनी वहीत त्या त्रिकोणांत रेघा मारल्या. मी बराच वेळ मारत बसले.

मग एकदा सोन्यावरच्या आयातशुल्काचा तास होता. मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात हात वर केला. म्हणाले, "सर, शुल्क वाढलं की आमच्याकडे जुन्या बांगड्या जास्त येतात. नवीन सोनं महाग होतं, लोक घरातलं मोडतात."

सर थांबले. "आमच्याकडे म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांनी माझं नाव विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा. तासानंतर केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. त्यांचा एक संशोधन प्रकल्प चालू होता. त्यांना अशा दुकानात आत जायचं होतं आणि कुणी आत घेत नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये मला उभं राहायला लागलं तरी काही वाटलं नाही. इतका आनंद झाला होता.

सर आले, बरोबर दोन संशोधन सहायक आणि वैष्णवी. गल्लीत शिरतानाच सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. वैष्णवी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आबांनी अंगातल्या बनियनवर घाईनं सदरा चढवला, खुर्ची दोनदा पुसली, कोपऱ्यावरून कॉफी मागवली. टंबलर तसेच राहिले. कॉफीवर साय धरली.

आबांना तमिळ येतं ते बाजारापुरतं, म्हणून मी दुभाषी. आबा भरभरून बोलले. ज्वाळेचा रंग बघून भेसळ कशी ओळखायची ते दाखवलं. इतकी मोठी माणसं आपल्याला विचारतात, आपला फोटो काढतात, याचं त्यांना अप्रूप होतं. शेवटी सरांनी विचारलं, "बिनकागदाचं, चोरून आणलेलं सोनं कधी आलं होतं का?"

आबांनी जराही विचार केला नाही. "आलं हुतं एकदा. बिस्किटं हुती. मी म्हनलं, बाबा, ही भट्टी तुझ्यासाठी न्हाई, उचल आन् चालू लाग. आजूबाजूच्या चार दुकानांनाबी सांगून ठेवलं, त्येला दारात उभा करू नका म्हनून."

मी सगळं भाषांतर केलं. सावकाश. एकही शब्द न गाळता. सरांनी लिहून घेतलं, ते मी पाहिलं.

पडद्यावर त्यातलं पहिलंच वाक्य आलं.

सेमिनारनंतर दोन दिवसांनी मी केबिनमध्ये गेले. घरून वाक्य पाठ करून गेले होते. "सर, त्या स्लाइडवर अर्धंच वाक्य आहे. त्यांनी त्या माणसाला परत पाठवलं होतं."

सर चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, स्लाइडवर जागा किती असते? एका स्लाइडला एक मुद्दा. आणि तिथं तुझे वडील नाहीतच. तिथं एक प्रकार आहे. असंघटित क्षेत्राचा नमुना. भावनेतून बाहेर ये, तरच संशोधन जमेल."

मग त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढले. संमतीपत्रं. इंग्रजीत, दोन-दोन पानांची. लेख छापायला पाठवायचा होता आणि माहिती देणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या राहून गेल्या होत्या. "वडलांची सही आण. मागची तारीख घालायला सांग. आणखी आठ-दहा दुकानं तुझ्या ओळखीची असतील, तिथंही घेऊन चल आम्हाला. लेखावर तिसरं नाव तुझं. तुझ्या प्रबंधाचा मार्गदर्शक मीच आहे, त्याची काळजी करू नकोस."

मी कागद घेतले. हो म्हणाले. मला नाही म्हणायची सवय नव्हती.

घरी आबा मूस साफ करत होते. "काय गं, सायबाचं काम झालं का?"

"सही पाहिजे म्हणतात."

"आन की मग. कुठं करू?" हात पुसत पुसत त्यांनी पेन मागितलंसुद्धा.

पेन माझ्याच हातात होतं. दिलं असतं तर तिथंच संपलं असतं. मी म्हणाले, "आधी ऐका, आबा." खाली बसले आणि दोन्ही पानं त्यांना मराठीत वाचून दाखवली. माझी माहिती, माझे शब्द, माझं छायाचित्र कसंही वापरायला माझी हरकत नाही, असं त्यात होतं. मग सेमिनारमधलंही सांगितलं. पट्टी. खालची ओळ. बोटांवरून हसले ते.

आबांनी पुसलेले हात पुन्हा पुसले. मग म्हणाले, "मी परत पाठवला म्हनालो हुतो."

"हो."

"तू त्यास्नी सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं होतं."

"मग तिथं उठून का न्हाई सांगितलंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हणाले, "मी टाळ्या वाजवल्या, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मूस उचलून जागेवर ठेवली. "सही करू का नगं, तूच सांग. कॉलेज तुझं हाय. मला त्यातलं काय कळतंय?" आणि भट्टीकडे वळले.

त्या वेळी मला कळलं की माझं भाषांतर अचूक होतं आणि मी तरीही त्यांना विकलं होतं. केबिनमधल्या एका खुर्चीसाठी. सरांना आमच्या दुकानाचं दार सापडत नव्हतं. ते मी उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी कागद कोरे परत नेले. सरांनी चाळून पाहिले. "वडील नाही म्हणाले का? या लोकांना सहीची भीती वाटते. मी बोलू त्यांच्याशी?"

हो म्हणाले असते तर माझी सुटका होती. सगळं आबांच्या अडाणीपणावर गेलं असतं.

"ते करणार होते, सर. मी नाही म्हणतेय. तो फोटो काढा. वाक्य घालायचं तर पूर्ण घाला. आणि मी आता कुठल्याच दुकानात तुम्हाला नेणार नाही."

बोलताना इंग्रजीत दोन चुका झाल्या. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मार्गदर्शक दुसरा शोध."

शोधला. तीन जणांनी नाही म्हटलं. चौथ्या मॅडमनी नाराजीनंच घेतलं. विभागप्रमुखांना लेखी तक्रार दिली. त्यावर 'विचाराधीन' असा शिक्का आहे, अजून. वैष्णवी आता ट्रीट मागत नाही. मी बसले की बाक रिकामा होतो. आबा त्या दिवसापासून कॉलेजचं काही विचारत नाहीत. जेवायला वाढतात, पाण्याचा तांब्या सरकवतात, बस.

मी प्रबंध लिहितेय. सोन्यावरचं आयातशुल्क आणि गलाईचं काम. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या अकरा जणांशी बोलले. लिहिलेलं प्रत्येकाला पुन्हा जाऊन वाचून दाखवलं, मराठी माणसाला मराठीत, तमिळ माणसाला तमिळमध्ये. त्यांतले एक काका ऐकता ऐकता म्हणाले, "धुरानं फुप्फुस गेल्याचं ते काढ पोरी. मालकाला कळलं तर उद्या कामावर घेनार न्हाई." अख्ख्या प्रकरणातलं ते सगळ्यात जोरकस वाक्य होतं. त्यांच्यासमोरच मी त्यावर काट मारली.

मॅडम म्हणाल्या, "हे काढलंस तर प्रकरणात उरतं काय? मार्क जातील."

"जाऊ देत, मॅडम."

"तुला पुढे पीएच.डी. करायची आहे ना?"

करायची आहे. करणार आहे. याच विषयात, याच शहरात. तोवर एकटीनं जेवावं लागलं तर जेवेन. पण कुणाच्या दुकानात वही घेऊन बसले, तर उठण्याआधी लिहिलेला शब्दन्‌शब्द त्या माणसाला त्याच्या भाषेत ऐकवीन. तो खोड म्हणाला तर खोडीन. आणि एवढं ज्याला जमणार नाही, त्याला आमच्या गल्लीत पाऊल टाकू देणार नाही. तो माझा सर असला तरी.