चिनी गवताचे घागरे

अहेरीत शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली की कुंता शेंडेच्या ओसरीत देव, राक्षस, सैनिक आणि भाजीपाला एकाच दोरीवर लटकायचे. लेकरांची सोंगं भाड्यानं देणं हा तिचा धंदा. नवरा खुशाल तलावावर मासे धरायचा आणि कुंता मशीनवर वांगी, टमाटर, भारतमाता शिवायची. जोडीला शेजारची शकुबाई मडावी असायची. कुंता ढिवर, शकुबाई गोंड. पण दोघींचं एका कात्रीवर कित्येक वर्षं छान निभलं होतं.

अडचण होती ती वाघाची. कुंतानं कितीही जीव ओतला तरी तिच्या वाघाची मांजर व्हायची. ज्या मुलखात लोक बांधावरचे पंजे पाहून शेतातून माघारी येतात, तिथे नकली वाघाला परीक्षक फार.

एका वर्षी शाळेतल्या दीपाली मॅडमनं मोबाईलवर चिनी वाघ दाखवला. जबडा, मिशा, शेपूट, सगळं जिथल्या तिथं. वाघाच्या खाली आणखी एक चित्र होतं: हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा घागरा, डोक्याला पिसं, गळ्यात हाडांची माळ.

"हे पण मागवा," मॅडम म्हणाल्या. "आदिवासी नृत्याले पाहिजेच."

शकुबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. "हे कोठले लोक होय वो, मॅडम?"

"आदिवासीच आहेत ना, बाई."

"अस्सं," शकुबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

कुंतानं नागपूरच्या रिंकूकडे दोन्ही मालांची मागणी दिली. बाहेरदेशाहून माल आणायचा परवाना त्याच्याकडे होता. माल नागपूरपर्यंत आला आणि जकातीच्या गोदामात अडकला. रिंकूचा फोन आला, "कुंताबाई, हा कपडा हाय का खेळणं, यावर गाडी अटकली. कपडा ठरला तर सुटते. खेळणं ठरलं तर जकात जास्त, अन् वरून लेकरांले धोका नाई म्हणून सर्टिफिकेट पाहिजे. ते आपल्यापाशी नाई. साहेबांले वापरणारं माणूस पाहाचं हाय, तुम्हीच या."

कुंता ठेवणीतलं लुगडं नेसून नागपूरला गेली. गोदामातल्या टेबलावर तिचा वाघ उताणा पडला होता. साहेब परप्रांतातले, पण मराठी चांगलं बोलणारे. त्यांनी वाघाचं अस्तर उलटवलं, शिवण ओढून पाहिली, चेन दोनदा खालीवर केली. शेपूट मात्र त्यांनी उगाचच हातात धरून ठेवलं.

"हे कापड आहे. कापडाचं सोंग कपड्यांतच मोडतं," ते म्हणाले. "पण वाघच का? दुसरं काही चालत नाही का तुमच्याकडे?"

वाघाबद्दल त्यांनी बरंच विचारलं. कोणत्या वयाची मुलं, किती वेळ घालतात, आत गरम होतं का. कुंतानं सगळ्याची खरी उत्तरं दिली. मग घागरा पुढे आला.

"हे तर कापड नाही. प्लास्टिक. नुसतं नाटकाचं खेळणं असेल, तर वेगळ्या खात्यात जाईल. कुणी कपडे म्हणून घालतं का हे?"

रिंकूनं मागून कुंताच्या कोपराला हळूच धक्का दिला. शाळेत नाचाची तालीम सुरू झाली होती आणि मॅडमचे रोज फोन येत होते. कुंताला शकुबाई आठवली, पण आठवून तिनं बाजूला ठेवली.

"घालतात ना, साहेब."

"कुठे?"

"आमच्या गडचिरोलीत."

तिला वाटलं, आता साहेब पुरावा मागतील, फोटो मागतील, निदान हसतील तरी. साहेबांनी फक्त मान डोलावली. "हो, तो भाग तसाच आहे म्हणतात," असं म्हणून त्यांनी सही केली. वाघाबद्दल एवढ्या शंका विचारणाऱ्या माणसाला माणसांबद्दल एकही शंका आली नव्हती.

कुंता एसटीनं परतली. घरी येताच तिनं शकुबाईला सगळं सांगून टाकलं. वाटलं, दोघी मिळून साहेबाला हसू.

शकुबाई हसली नाही. "म्हणजे मी पाला गुंडाळून फिरतो, असं सरकारच्या कागदावर लिहून आली तू?"

"माल सोडवाचा होता, बाई."

"मंग सुटला ना?"

संमेलनाला शकुबाईची नात करिश्मा पहिल्या रांगेत होती. पिसं डोळ्यांवर येत होती, घागरा सळसळत होता. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आपली खरी संस्कृती जपणारी ही लेकरं पाहून ऊर भरून आला. शकुबाईनं टाळ्या वाजवल्या, कारण नात नाचली होती. पण पुढे कितीतरी दिवस ती कुंताशी फक्त बटणं आणि काजं यांबद्दलच बोलली.

पुढच्या वर्षी मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा कुंता म्हणाली, "घागरे फाटले." फाटले नव्हते. शकुबाईनं मशीनवरून वर पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं घरून जुनी लुगडी आणि चांदीच्या माळा आणल्या. दोघींनी बसून पोरींच्या मापाची लुगडी केली. गुडघ्यापर्यंत कशी नेसायची, पदर कुठे खोचायचा, हे शकुबाईनं एकेकीला उभं करून शिकवलं.

त्या नाचाला जिल्ह्याच्या स्पर्धेत तिसरा नंबर मिळाला. परीक्षक प्रेमानं म्हणाले, "नाच छान, पण वेशभूषेत आदिवासीपणा थोडा कमी पडला. मुली अगदी घरच्यासारख्या वाटतात." पहिला नंबर शहरातल्या एका शाळेचा आला. हिरवे घागरे, पिसं, हाडांच्या माळा. कपडे रिंकूकडून भाड्यानं आणलेले. त्यानं नवा माल मागवला होता, आणि या वेळी त्याला कोणी काही विचारलंही नव्हतं. जकातीचा मागचा निकाल कागदावर होताच.

कुंताचा चेहरा उतरला. "माह्यामुळंच झालं, बाई."

शकुबाई करिश्माच्या गळ्यातली माळ सरळ करत होती. "तुह्यामुळं काऊन? तो साहेब तू जायच्या आधीपासूनच तसा समजून बसला होता." मग म्हणाली, "पण तू नाई म्हणाले पाहिजे होतं."

"हो," कुंता म्हणाली.

"चाल मंग. पोरींले भूक लागली असन."