वीतभर रुंद रेघ

चेंडू रेघेवर होता का रेघेपार, यावर आजही कुणी वाद घालायला लागलं की माझं डोकंच फिरतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी हसनाबादच्या शाळेत होतो. आम्ही चिंध्यांच्या चेंडूनं फुटबॉल खेळायचो. जालन्याच्या एका शाळेकडं मात्र खरा, हवा भरायचा चामड्याचा चेंडू होता. तो घेऊन त्यांची पोरं आमच्या गावी खेळायला आल्ती. अट त्यांचीच. म्हणाले, आम्हाला हरवलं तर चेंडू तुमचा, बराबरीत सुटलं तर आमचा आम्ही घेऊन जाऊ. त्या चेंडूपायी आम्ही महिनाभर तहानभूक विसरून खेळून राह्यलो होतो.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं पडीक रान. दोन बांबू, वरून चऱ्हाट, झाला गोल. खाली राखेची रेघ. ती पायानं पुसायची, अन् मंग गोल झाला का न्हाई म्हणून हाणामाऱ्या. मी कुणब्याचं पोर. खूण पुसली की शेजारी बांध कोरतो, हे घरी रोज ऐकलेलं. म्हणलं, आता अशी रेघ मारतो की कुणाच्या बापाला पुसता यायची न्हाई. सकाळीच बैल जुंपले अन् दोन्हीकडं बांबूपासून बांबूपर्यंत नांगराची सरी ओढली. वीतभर रुंद, चांगली खोल. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. गाढव कुठला मी!

खेळ संपत आला तरी एकही गोल न्हाई. शेवटी माझ्या जिवाभावाच्या दोस्तानं असा फटका हाणला की त्यांचा गोलकीपर तोंडावर आपटला. चेंडू त्याच्या हाताखालून निसटला, घरंगळत गेला, अन् खुडूक कोंबडी बसावी तसा सरीत जाऊन बसला. हलंच ना! आम्ही 'गोल, गोल' करून नाचायला लागलो.

पंच आमचेच ड्रिलमास्तर, हैदराबादकडचे. ते वाकले, निरखून बघितलं अन् मान हलवली. "पूरी गेंद, पूरी लकीर के पार. तब गोल."

"अहो मास्तर, सरी नसती तर पारच गेला असता की!"

"सरी किसने बनाई?"

तोवर गोलकीपरनं चेंडू उकरून लांब भिरकावला अन् खेळ संपल्याची शिट्टी झाली. जालन्याची पोरं चेंडू काखेत मारून बैलगाडीत बसली. मास्तरांवर चिडावं तर ते बराबर बोलले होते.

कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी चिंध्यांचा चेंडू घेऊन सगळे मैदानावर जमले. मीही गेलो. तू येऊ नको, असं कुणीच म्हणलं न्हाई. दिवस मावळेपर्यंत मी पळत राह्यलो, पण माझ्या त्या दोस्तानं एकदाही चेंडू माझ्याकडं दिला न्हाई.