दहापैकी चार

साठी ओलांडलेल्या बाईनं ओठ भरून घेतले, हे आमच्या लाखनीत उघड सांगायची सोय नाही. बुढी घोडी लाल लगाम म्हणायला लोक टपलेलेच असतात. अन् खरं सांगते, दुसऱ्या कोणी बाईनं हे केलं असतं तर सगळ्यात आधी मीच म्हणाले असते. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. हायवेच्या कडेला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. बाया माप द्यायला येतात अन् गावभरचं सांगून जातात, त्यांना पुरून उरायचं तर जीभ लागतेच. पण ही गोष्ट मी त्यांच्यातल्या एकीलाही कळू दिली नाही. काय सांगणार होते? ते ओठ मी माझ्यासाठी भरून घेतलेच नव्हते. मला माझ्या पोरीचे ओठ परत पाहिजे होते.

पोर एकुलती एक. रंग बापाचा, नाक बापाचं, तोंड मात्र हुबेहूब माझं. वरच्या ओठाला मधोमध तशीच खाच, खालचा ओठ जरा भरलेला, अन् हसताना उजवा कोपरा आधी वर जायचा. दुकानातल्या बाया म्हणायच्या, तुझंच तोंड कापून लावलं आहे पोरीला. मी म्हणायची, नुसतं तोंड घेतलं असतं तर बरं होतं बाप्पा, तोंड चालवायची सवयही सोबत नेली.

आणखी एक गोष्ट आम्ही नवरा-बायकोनं मिळून तिला दिली. देताना आम्हाला ठाऊक नव्हती. सिकलसेल. आमच्या इकडे हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे, पण आपल्या घरात निघेपर्यंत त्याचं नावही कोणी नीट ऐकत नाही. अर्धा माझ्याकडून गेला, अर्धा तिच्या बाबांकडून. आम्ही दोघं धडधाकट, अन् सगळं दुखणं तिच्या वाट्याला. थंडी वाजली, ताप आला, पाणी कमी पोटात गेलं, की तिची हाडं दुखायला लागायची. ते दुखणं कसं असतं ते मी सांगू शकत नाही, मी फक्त पाहिलं आहे. पोर खालचा ओठ दातात धरायची अन् भिंतीकडे तोंड करून पडायची. मी पाय दाबत बसायची. दाबून काही होत नाही हे तिलाही माहीत होतं अन् मलाही.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती केलं की सिस्टर आधी विचारायची, दहापैकी किती दुखते? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव जाईल इतकं. पोर दर वेळी सांगायची, चार. कपाळावरून घाम वाहून राहिला आहे, मुठीत चादर आवळली आहे, अन् म्हणे चार. मी समोर उभी असायची ना, म्हणून. हे माझ्या टाळक्यात शिरायला कितीतरी वर्षं गेली. तिच्या बाबांना मात्र पहिल्याच वेळी कळलं होतं. ते खोलीत काही बोलायचे नाहीत. सिस्टर बाहेर गेली की तिच्या मागे जायचे अन् दाराशी हळूच सांगायचे, "आठ लिहा जी. आठ." मग सिस्टर त्या हिशेबानं इंजेक्शन आणायची. पोरीनं चार सांगायचं अन् बापानं बाहेर जाऊन आठ करायचं, असं आमच्या घरचं चालत आलं.

दवाखान्यात जातानाही पोर लिपस्टिक लावायची. गडद, जांभळट. अंगात रक्त कमी, ओठ पांढरे पडायचे, ते लोकांना दिसू नये म्हणून. मी चिडवायची, लग्नाला चालली का, का डॉक्टर पोरगा पाहून ठेवला आहे? ती म्हणायची, तूच पाहा आई, माझ्या आधी तूच पसंत करशील. अशी होती. तिशीला पोचलीही नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात दुखणं छातीत गेलं. त्या वेळीही चारच म्हणाली. बाबा उठून सिस्टरच्या मागे गेले, आठ सांगून आले, पण त्या वेळी आठनं भागलं नाही. शेवटी तिला पाणी पाजलं ते बाबांनीच, चमच्यानं.  आयुष्यभर सुईत दोरा ओवणारा माझा हात, अन् एक चमचा मला धरता आला नाही.

माणूस गेलं की त्याचे कपडे राहतात, चपला राहतात. माझ्याकडे तिचं तोंड राहिलं होतं. दुकानात बायांना ब्लाऊज घालून पाहायला मोठा आरसा आहे. तिचे दिवस पार पडल्यावर मी पुन्हा दुकान उघडलं, ओठात टाचण्या धरून आरशासमोर उभी झाली, अन् ती दिसली. नाक माझं, डोळे माझे, सुरकुत्या माझ्या, पण तोंड तिचं. मी टाचण्या काढून हसून पाहिलं. उजवा कोपरा आधी वर गेला. याला वेड म्हणा, काहीही म्हणा. मी रोज गिऱ्हाईक यायच्या आधी आरशासमोर उभी राहून तिला भेटायची. तिचा एक फोटोही चौकटीत खोचून ठेवला. त्यात तिनं माझं जुनं रेशमी लुगडं नेसलेलं. रस्त्याचं ऊन सरळ आरशावर येतं, त्यानं तो फोटो पिवळा पडत गेला.

मग गेल्या वर्षी माझे वरचे पुढचे दात हलायला लागले अन् काढावे लागले. कवळी बसली, पण वरचा ओठ आत गेला तो गेलाच. टाचण्या धरून धरून आधीच सुरकुत्या होत्या. आता नाडी ओढलेल्या पिशवीसारखं तोंड झालं. एका सकाळी आरशासमोर उभी झाली, हसली, अन् ती नव्हती. एक म्हातारी होती फक्त. मी स्टुलावर बसली अन् हमसून हमसून रडली. आता कोणाला सांगू? माझी पोर दुसऱ्यांदा गेली म्हणून कोण भेटायला येणार होतं?

त्याच महिन्यात एक मुलगी लग्नाचे ब्लाऊज शिवायला आली. नोकरीला नागपुरात. तिचा ओठ मला जरा निराळा वाटला, अन् आमच्या दुकानात विचारायची कोणी लाज धरत नाही. तिनं हसून सांगितलं की सुईनं आत काहीतरी जेलसारखं भरतात, थोडंसंच भरलं तर ओळखूही येत नाही. मी विचारलं, लई दुखते का? म्हणाली, मुंगी चावल्यासारखं. त्या मुलीला मुंगी कधी चावली नसावी.

पुढच्या आठवड्यात मी अस्तर अन् लेस आणायला जाते म्हणून सांगितलं अन् नागपूरची एस.टी. पकडली. डॉक्टरीण माझ्या पोरीच्याच वयाची असेल. काकू, काकू करत बोलत होती. मी पर्समधून तो पिवळा फोटो काढला अन् म्हटलं, असं पाहिजे, जास्त नको. तिनं फोटो पाहिला, माझं तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. म्हणाली, "तुमचा तरुणपणीचा ना? जिवणी अगदी तीच आहे."  मी म्हटलं, "हो, माझाच." दोन वर्षं कोणी असं बोललं नव्हतं. तिला काय माहीत तिनं मला काय दिलं.

मग तिनं सगळं समजावलं. हे कायमचं नसतं, आठ महिने, फार तर वर्षभर टिकतं, मग शरीरच त्याला विरवून टाकतं. मला माझी आई आठवली. कोंढ्याला माहेर माझं. आईच्या हनुवटीवर गोंदण होतं, अन् ती म्हणायची की दागिने लेकी-सुनांना जातात, बाईसोबत जळायला फक्त गोंदण येतं. दुखलं नाही का, विचारलं तर म्हणायची, दुखलं म्हणूनच ते माझं. मी म्हटलं, वर्षभर तर वर्षभर. भरा.

आधी मलम लावून बधिर केलं. तरी पहिली सुई ओठाच्या कडेला शिरली तशी नाकातून डोक्यापर्यंत कळ गेली. सुईचं मला भय नाही. मशीनची सुई दोनदा बोटातून आरपार गेली आहे. पण ओठ म्हणजे बोट नव्हे. आत काहीतरी सरकत जाताना कळतं, अन् चामडी आतून ताणली जाते. मधोमध, जिथं ती खाच आहे, तिथं सगळ्यात जास्त. डोळ्यांतून आपोआप पाणी वाहायला लागलं. मी खुर्चीची मूठ आवळून धरली. डॉक्टरीण थांबली अन् म्हणाली, "काकू, सांगा बरं, दहापैकी किती दुखतंय?"

मी तिच्याकडे पाहिलं. तोंडातून निघालं, "चार."

आठ म्हटलं असतं तर ती थांबली असती. म्हणून चार म्हटलं. इतकं सोपं होतं ते. चार बोललं की पुढचा माणूस आपलं काम करत राहतो, अन् त्याचा चेहरा उतरत नाही. ही गोष्ट माझी पोर बारक्या वयात शिकली होती. डॉक्टरीण बरं म्हणाली अन् तिनं दुसरी सुई घेतली. तिच्या मागे जाऊन आठ सांगणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. मी जी रडली तिथं, ती सुईसाठी नाही.

परत येताना बसमध्ये पदर तोंडावरच धरला. ओठ पुरीसारखे टम्म. घरी हे दारापुढच्या छपरीत बसले होते. मी पुटपुटली, मधमाशी चावली. हे लगबगीनं उठले, तंबाखूचा खर्रा घोटायच्या डबीतला चुना बोटावर घेतला अन् माझ्या ओठाला लावायला आले. ताज्या टोचलेल्या ओठावर चुना! मी हात धरला नसता तर त्या रात्री माझं काही खरं नव्हतं. म्हणाली, राहू द्या, काटा काढला आहे. हे बोटावर चुना घेऊन तसेच उभे राहिले. बिचारे.

आठवडाभरात सूज उतरली. त्या सकाळी मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं अन् आरशासमोर गेली. होती. खाच तशीच, खालचा ओठ जरा भरलेला. मी तिचीच लिपस्टिक काढली, जेमतेम बोटाला लागेल इतकी उरली होती, ती लावली. हसली. कोपरा आधी वर गेला. मी म्हटलं, आली का वं माय. अन् त्या दिवशी मी एक टाकाही घातला नाही.

संध्याकाळी यांना जेवायला वाढलं. भात वाढायला वाकली, यांनी मान वर केली अन् हातातला घास हातातच राहिला. बराच वेळ पाहिलं. मग ताट तसंच ठेवून बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे पाठ करून जेवायला लागले. मी चहा दिला तर कपाकडे पाहायचे. धानाची कापणी सरली होती, बांधीत काम नव्हतं, तरी दिवसभर शेतावर जाऊन बसायचे. मला आधी वाईट वाटलं, मग भयंकर राग आला. एवढं सोसून मी तिला घरात आणलं, अन् हा माणूस तिला पाठ दाखवतो.

एका रात्री मी यांचं ताट हातातच धरून त्यांच्या समोर जाऊन बसली. म्हटलं, "माझ्याकडे पाहून काहून नाही राहिले तुमी?"

हे जमिनीकडे पाहत होते. म्हणाले, "त्याच तोंडात पाणी टाकलं मी. चमच्यानं. अर्धं बाहेर आलं. अन् तेच तोंड घेऊन तू मले भात वाढून राहिली."

मग मला राहवलं नाही. मधमाशी नव्हती हे सांगितलं, आरशाचं सांगितलं, दात गेल्यावर ती दिसेनाशी झाली ते सांगितलं. फोटो पाहून डॉक्टरीण काय म्हणाली तेही.  सगळं झाल्यावर यांनी विचारलं, हे आता असंच राहील का. मी म्हटलं, नाही, वर्षभर, मग विरून जाते.

"म्हणजे आणखी एकदा जाईल," हे म्हणाले.

याचा विचार मी केलाच नव्हता. आरशासमोर मला फक्त ती येताना दिसली होती. मी ताट खाली ठेवलं.  हायवेवरून एकामागे एक ट्रक जात राहिले, अन् आम्ही दोघं बसून राहिलो.

मग यांनी त्या रात्री पहिल्यांदा मान वर केली. माझ्या ओठाकडे पाहिलं अन् विचारलं, "दुखलं का वं?"

"चार," मी म्हटलं.

 यांचे डोळे भरले, ते पुसले नाहीत.

"आठ," हे म्हणाले, अन् ताट ओढून माझ्याकडे तोंड करूनच जेवायला बसले.