वामनरावांचं घरगुती पोस्ट ऑफिस

काही घरांतून नुसता चहा पिऊन परत येता येतं. वामनरावांच्या घरातून नाही. तिथून दर वेळी एक किस्सा गळ्यात पडतोच! जबलपूरच्या रांझीत ते आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात, सरकारी फॅक्टरीत तीस वर्षं माझ्याच सेक्शनला होते, त्यामुळे माझ्याकडे साठा बराच झालाय. आज फक्त त्यांच्या ईमेलचे किस्से सांगतो.

*

रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात. वामनरावांनी जुना कॉम्प्युटर पिठाच्या डब्याशेजारी मांडला आणि जाहीर केलं, "आजपासून आपला मेल आपल्या घरून जाईल अन् आपल्या घरीच येईल!"

मी म्हटलं, "अहो, सगळं जग फुकटच्या मेलवर आहे."

"म्हणजे माझ्या पोरीची पत्रिका त्या फुकटवाल्यांनी वाचायची? काहून?"

पोरगी म्हणजे केतकी. एकुलती एक, कॉलेजात फिजिक्स शिकवते, पीएचडीचं शेवटचं वर्ष. वामनरावांचा हट्ट असा की हे वर्ष संपायच्या आत तिचं लग्न व्हायलाच पाहिजे, आणि स्थळांशी सगळा पत्रव्यवहार घरच्या मेलवरून. केतकी एकदा म्हणाली, "बाबा, आधी थिसिस होऊ द्या ना." तर म्हणे, "थिसिस काय, लग्नानंतरही होते!" असं म्हणणारे बाप मी पुष्कळ पाहिले. लग्नानंतर पुरा झालेला थिसिस अजून पाहायचा राहिलाय.

*

पहिला बायोडाटा इंदूरला गेला आणि पाच मिनिटांत परत आला. सोबत समोरच्यांच्या मेलवाल्यांची चिठ्ठी: तुमचं कनेक्शन घरगुती आहे, घरगुती कनेक्शनवरून थेट आलेला मेल आम्ही घेत नाही.

वामनराव लालबुंद! "अरे, इंदूरवाल्यांच्या जाहिरातीत काय लिहिलंय? मुलगी घरगुती पाहिजे! सून घरगुती चालते, मेल चालत नाही?"

केतकी पोहे खात होती. तिला इतकं हसू आलं की ठसका लागला.

*

आता खरी गोम ऐका. घरगुती ब्रॉडबँडला इंटरनेटवरचा कायमचा नंबर नसतो. राउटर बंद करून चालू केला की कंपनी नवा नंबर देते. मग वामनरावांनी वही उघडायची, तो नवा नंबर उतरवायचा, आणि पत्ता नोंदवायच्या वेबसाइटवर जाऊन जगाला कळवायचं की बाबांनो, आमचं घर आता इथे आहे. तोवर येणारी पत्रं जुन्या नंबरावर जाऊन गडप व्हायची.

आणि त्यांच्या घरी राउटर रोज बंद व्हायचा! कारण आमच्या फॅक्टरीचा नियम: शिफ्ट संपली की मेन स्विच बंद करून मशीन पुसायचं. वामनरावांनी लग्न झाल्याबरोबर तो नियम घरी आणला आणि मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्याला लावला. वहिनींनी तो तीस वर्षं पाळला. राउटर आला, त्यालाही फडकं लागलं.

"अगं, मेलची वाट पाहून राहिलो मी, अन् तू बंद करून राहिली?"

"होय ना बाप्पा! चालू मशीनला फडकं लावायचं नाही. नियम तुमचाच."

वामनराव वही उघडून बसले.

*

एकदा चिडून त्यांनी ब्रॉडबँडवाल्यांना फोन लावला. तिकडून एक मुलगी मोठ्या अदबीने म्हणाली, "सर, एक बार राउटर बंद करके चालू कर लीजिए."

"मैडम, वही तो बीमारी है!"

"जी सर. तो एक बार बंद करके..."

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "पाहा! कंपनीवाले पण तेच सांगून राहिले!"

*

एक दिवस जो नवा नंबर मिळाला तो आधी कोणा लफंग्याकडे होता. वजन घटवायच्या पुड्या विकणाऱ्या मेलांचा त्याने पाऊस पाडला असणार, कारण तो नंबर काळ्या यादीत होता. म्हणजे वामनराव काळ्या यादीत!

"तीस वर्षं सरकारी नोकरी, एक मेमो नाही!" ते गरजले. मी म्हटलं, फडकं मारा, नंबर बदलेल. पण छे! बसले आणि यादीवाल्यांना तीन पानी अर्ज लिहिला. सोबत चांगल्या वर्तणुकीचा दाखला, रिटायरमेंटच्या दिवशीचा हार घातलेला फोटो. सगळं स्कॅन केलं आणि पाठवलं.

कशाने पाठवलं? ईमेलने. त्याच नंबरावरून. अर्ज परत आला तेव्हा फोटोतल्या हारासकट परत आला.

*

शेवटी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातले मिश्राजी, ज्यांचं साड्यांचं दुकान आहे, त्यांनी अक्कल दिली. "भैया, खुद काहे भेजते हो? अपनी कंपनी के मेल से निकलवाओ." म्हणजे बाहेर जाणारा मेल ब्रॉडबँड कंपनीच्या सर्व्हरच्या हवाली करायचा, ती पुढे पोचवणार. वामनरावांनी दोन दिवस नाक मुरडलं, मग केलं. आणि नागपूरचा बायोडाटा खरंच पोचला!

पण उत्तर यायचं होतं घरच्याच नंबरावर. त्या आठवड्यात धूळही फार. वहिनींनी दिवसातून तीन-तीनदा राउटर पुसला. महिन्याभराने सराफ्यात एका ओळखीच्या बाईंनी वामनरावांना गाठलं. "नागपूरवाले म्हणून राहिले, जबलपूरचे लोक भारी शिष्ट. तीनदा लिहिलं, एक उत्तर नाही!"

घरी येऊन ते बिचारे कपाळाला हात लावून बसले. मला खरंच वाईट वाटलं. केतकीने मात्र शांतपणे त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि थिसिसचा चौथा चॅप्टर लिहायला आत गेली.

*

वाईट वाटलं म्हणूनच मी मध्ये पडलो. "वामनराव, कंपनीकडून कायमचा नंबर घ्या. जादा पैसे भरले की मिळतो. शंभरदा राउटर बंद करा, बदलणार नाही." फॉर्म मीच भरला, मीच नेऊन दिला. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो मी, खोटं कशाला बोलू!

चार दिवसांत भोपाळच्या एका स्थळाचं उत्तर आलं. मुलगा इंजिनियर, घरी गाडी, रविवारी मुलगी पाहायला येतो म्हणे. वामनरावांनी खव्याची जिलबी आणून अख्ख्या गल्लीत वाटली आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चहा सांडला.

मी रिकामा कप ठेवायला आत गेलो. वहिनी राउटरजवळ उभ्या होत्या, हातात फडकं.

"भाऊजी, आता कितीही पुसलं तरी नंबर बदलत नाही काय?"

"नाही वहिनी! एकदम पक्का. काळजी सोडा."

त्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं आणि केतकीच्या बंद दाराकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तिचे दोन चॅप्टर राहिले हो, भाऊजी. आता काय सांगू मी पोरीला?"