प्रश्नावलीतला उपास

मंडळी, आज दुपारी आमच्या गोव्यातल्या धारगळच्या घरी एक मुलगी प्रश्नावली घेऊन आली होती. आरोग्याच्या पाहणीतले प्रश्न लोकांना नीट कळतात का, ते आधी थोड्या घरांत विचारून बघतात म्हणे.

"काकी, परीक्षा तुमची नाही, प्रश्नांची आहे," ती म्हणाली. मग मी बसले.

"गेल्या आठवड्यात किती वेळा जेवण चुकलं?"

"दोनदा."

तिचा चेहराच पडला. "घरात काही नव्हतं?"

"तसं न्हय गो. सोमवार आणि एकादशी."

दोघीही हसलो. तिने लगेच प्रश्नापुढे लिहिलं, 'उपास सोडून'.

पण माझं मन माहेरी, पाळी गावात गेलं. बाबांचं खाणीवरचं काम बंद असलं की आई आम्हां भावंडांना पेज वाढायची आणि म्हणायची, "तुमी जेवा, माजो आज उपास." खऱ्या उपासाला ती देवापुढे दिवा लावून उकडलेली रताळी खायची, त्यातली अर्धी आम्हीच पळवायचो. या दुसऱ्या उपासाला ती नुसतं पाणी प्यायची. हा फरक मला मॅट्रिकला गेल्यावर कळला.

हे मी तिला सांगितलं, तेव्हा त्या मुलीने पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी आता लिहिलं त्यामुळे तुमची आई मोजणीतून सुटलीच. तिला कसं विचारायचं, काकी?"

आई तिलाही हसून उपासच म्हणाली असती.

ती मुलगी रविवारी परत येणार आहे. तुम्ही तुमच्या आईला कसं विचारलं असतं?