हान्काचं ईस्टरचं पाणी

हान्काबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. दिवाळी अंक जवळ आला की इथल्या मराठी मंडळातली मुलं विचारायची, "काका, त्या सोर्ब बाईंवर लिहा की." मी युट्रेख्टच्या कालव्यांवर लिहिलं, सायकलींवर लिहिलं. आता पंचाहत्तरी उलटून गेली. हान्काची जी गोष्ट मी सगळ्यांना सांगत आलो, ती खोटी होती. खरी आज लिहितो.

डीमन या डच गावात ती आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायची. गप्प बसणं तिला जमत नसे. ट्रामच्या थांब्यावर, दुकानाच्या रांगेत, कुणाच्या तरी कुत्र्याशीसुद्धा ती बोलायची. तिचा डच नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पहिल्या भेटीत मी तिला विचारलं, "तुम्ही जर्मन का?"

"मी सोर्ब आहे, बुरमान," ती म्हणाली. "जर्मन लोक आमच्या आजूबाजूला राहतात."

डचमध्ये बुरमान म्हणजे शेजारी. माझं नाव तिला नीट येत होतं, पण शेवटपर्यंत ती मला बुरमानच म्हणाली.

पूर्व जर्मनीत सोर्ब लोकांची गावं आहेत. त्यांची भाषा पोलिश आणि चेकच्या नात्यातली, जर्मनहून अगदी वेगळी. हान्काच्या गावात रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत होत्या. जुनी घरं लाकडी ओंडक्यांची. जानेवारीत पक्ष्यांचं लग्न लागतं म्हणून मुलं खिडकीत ताटल्या ठेवतात आणि सकाळी त्यांत खाऊ सापडतो. ईस्टरला बायका हंसाच्या पिसाचं टोक कापून, ते मेणात बुडवून अंड्यांवर नक्षी काढतात. शेजारचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं, चर्चसकट. सुलभानं, माझ्या बायकोनं, एकदा विचारलं की तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? हान्का म्हणाली, "गाव अजून आहे. तेच बघा."

हान्काची मोठी बहीण मार्या त्याच गावात राहायची. हान्का परदेशी माणसाशी लग्न करून निघून गेली, आईच्या आजारपणातही आली नाही, म्हणून मार्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मग एका वसंतात भाच्याचा फोन आला. मार्या थकली होती. तिनं निरोप दिला होता: यंदा ईस्टरचं पाणी हान्कानं आणावं.

फोन ठेवून हान्का आमच्याकडे आली आणि टेबलाशी बसून राहिली. "दार उघडलं तिनं," एवढंच म्हणाली. तिला आता एवढ्या लांब गाडी चालवणं झेपत नव्हतं. मी नेतो म्हटलं. सुलभाही आली.

ईस्टरच्या रविवारी सूर्य उगवायच्या आत वाहत्या ओढ्याचं पाणी भरायचं आणि घरापर्यंत एक शब्दही न बोलता न्यायचं. त्या पाण्यानं वर्षभर आजार लांब राहतात असं मानतात, पण तोंड उघडलं की ते पाणी फुकट. त्याला मग बडबडं पाणी म्हणतात. हे सगळं तिनंच गाडीत सांगितलं. पूर्वी गावातली पोरं झुडपांत लपून मुलींना हसवायची, घाबरवायची, हेही तिनंच सांगितलं.

"आणि तू बोलायचीस?" मी विचारलं.

"दरवर्षी! मार्या कधीच नाही. तिला गांधीलमाशी चावली असती तरी बोलली नसती."

"उद्या बघू तुझं."

"उद्या नाही बोलणार, बुरमान," ती म्हणाली. हसली नाही.

पहाटे मी तिच्यामागून गेलो. सुलभा झोपली होती. हान्कानं ओढ्यात किटली बुडवली आणि परत निघाली. तिला इतका वेळ गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. मला गंमत वाटली. गावच्या पोरांचं काम आपण करावं असं वाटलं. मी मागे एका झुडपाआड राहिलो, चिखलात पाय आपटला आणि ओरडलो, "हान्का! पडलो मी! पाय गेला!"

ती वळली. "देवा! कुठे लागलं?"

मी उभा होतो आणि हसत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग किटलीकडे. समोरच्या शेतावर ऊन आलं होतं. पुन्हा भरायची सोय राहिली नव्हती.

मार्या काठी टेकून दारात उभी होती. माझ्यासाठी असेल, ती जर्मनमध्ये बोलली. "बोललीस?"

"हो," हान्का म्हणाली.

पुढे काहीच नाही. माझ्याकडे बोटही नाही. मला मोडकंतोडकं जर्मन येतं. एक वाक्य पुरलं असतं. मी बूट पुसत राहिलो. मार्यानं किटली घेतली आणि पाणी कुंपणाशी ओतलं. आम्हाला कॉफी दिली, केक दिला. सुलभाशी आणि माझ्याशी बोलली. हान्काशी नाही. पुढच्या ईस्टरच्या आधी मार्या गेली.

मी मात्र डीमनला येऊन ती गोष्ट रंगवली. गणपतीच्या जेवणात, वाढदिवसांना. "बहिणीसाठीसुद्धा बाईंना तोंड बंद ठेवता आलं नाही!" झुडूप नाही, आरोळी नाही, मी नाहीच. एकदा हान्का समोर असतानाच कुणीतरी इंग्रजीत विचारलं, "खरंच?" मी वाटीतली खीर ढवळत होतो.

"खरंच," ती म्हणाली. "मी बडबडीच आहे."

लोक हसले. सुलभाही हसली. तिलाही खरं ठाऊक नव्हतं.

शेवटी हान्का हॉस्पिसमध्ये होती. वाक्य ठरवून गेलो होतो. ती जागी होती, आवाज बारीक झाला होता.

"ये, बुरमान. काय म्हणतोस?"

"खिडकी उघडू का?" मी म्हणालो.

"उघड."

मी खिडकी उघडली. थोडा वेळ बसलो. तिला झोप लागली, मी मेट्रोनं घरी आलो. त्याच आठवड्यात ती गेली.

जे म्हणायचं होतं ते असं: हान्का, तू माझ्यामुळे बोललीस. हे मी मार्याला दारातच सांगायला हवं होतं. मला माफ कर.