वाळू धुतली तो दिवस

आमची खोली पंपाच्या खोलीले लागून होती, मधात एकच भिंत. आर्वीच्या एका शेठचं फार्महाऊस होतं ते, सावंगीच्या पल्याड शेतात, अन् त्याच्यात निळ्या टाइलचा पोहायचा हौद. हे तिथं चौकीदार अन् डायवर दोन्ही. हे गाडी घेऊन गेले का दिवसभर बोलाले कोणी नाई. आमचं पोट्टं तवा रांगत होतं. मी त्याच्याशीच बोलत राहत होती, अन् ते झोपलं का भिंतीले पाठ लावून मोटरीचा आवाज आयकत बसत होती.

एक दिवस नागपूरचा मिस्त्री नवा फिल्टर बसवून गेला. ज्वारीच्या कोठीएवढा गोल डबा, त्याच्यात पोत्यापोत्यानं वाळू ओतली. डोक्यावर एक हँडल, हँडलभोवती इंग्रजी अक्षरं. मिस्त्री ह्यांले समजावून सांगत होता अन् मी पोराले कडेवर घेऊन दारात उभी.

"पायप चिकटवाचं सोल्युशन सुकू द्या, उद्या चालू करजा," तो म्हणे. "पहिले उलटं पाणी सोडून वाळू धुवाची. मंग जरासं सुलटं पाणी, तेही बाहेरच. मंगच हौदात सोडाचं. अन् मोटर चालू असताना हँडल फिरवलं का आतलं रबर गेलं समजा." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "बाई, पोराले इथून ने, वास लय हाय."

मी गेली नाई. कोणी कोणाशी बोलत होतं, तेच मले आयकाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सक्काळीच हे शेठचे पाव्हणे आणाले नागपूर टेशनवर गेले. जाताना म्हणे, "आल्यावर मी पाहतो, तू हात लावजो नको." अन् दुपारी बंगल्याच्या वऱ्हांड्यातला फोन वाजला.

"फिल्टर चालू केला का?" शेठ.

"हे गाडी घेऊन गेले, शेठ."

"मंग तू कर. उद्या सक्काळी पाव्हण्यायचे पोट्टे पोहाले उतरतीन. पाणी गढूळ दिसलं तर मले तोंड दाखवू नका."

ठेवलाच फोन.

आमच्या पहिलेच्या चौकीदारानं मोटर कोरडी चालवून जाळली होती, अन् त्याच दिवशी त्याचं सामान फाटकाबाहेर. त्याच्या बायकोची चूल तशीच आमच्या खोलीत राह्यली होती, मी तिच्यावरच सैपाक करत होती. रोज चूल पेटवताना ती बाई आठवे, जिले मी पाह्यलं बी नोतं. आमाले जायाले जागा नाई. दिराच्या घरी ओसरीत अंथरुण टाकत होतो, जावेनं तेही उचललं होतं.

पोराले काखेत घेतलं अन् पंपाच्या खोलीत गेली. मोटर कोरडी चालू नये म्हणून तिचं झाकण खोललं, लोट्यालोट्यानं पाणी ओतत गेली, भरेच ना ती, मंग एकदाची भरली. हँडलपाशी उभी राह्यली. सातवीलोक शिकली होती, अक्षरं येत होती, पण भीतीनं एकाले एक जुळे ना. मंग मी मिस्त्रीचा हात आठवला. समजावताना त्यानं पहिले हँडल खिडकीकडं केलं होतं, बाहेर बाभूळ होती तिकडं. मंग दाराकडं. मंग हौदाकडं.

जाताना त्यानं ते बाभळीकडंच ठेवलं होतं, मी बटन दाबलं. पायपानं अशी उसळी मारली का मी पोराले घेऊन बाहेरच पळाली. मांगं नालीत पांढरंफट पाणी पडून राह्यलं होतं, ताकावानी, एवढ्या जोरात. तिथं एक म्हातारी बकऱ्या घेऊन उभी.

"काव पोरी, एवढं पाणी काऊन फेकून राह्यली?"

"वाळू धुऊन राह्यली, माय."

"वाळू?" ती एवढी हासली का तिचा पदर पडला. "आमी अंग धुवाले पाणी पाहतो, अन् इथं वाळूले आंघोळ!"

"बकऱ्यायले पाजू नको वो, दवाईचं पाणी हाय."

"बकऱ्या हुशार हायेत, तुह्यावानी नाई."

मी आत गेली. फिल्टरच्या पायपावर काचेची वाटी होती, तिच्यातून पाणी दिसे, ते निर्मळ झालं होतं. मोटर बंद केली. आता हँडल फिरवाचं, तर ते दाबूनच फिरे, दोन्ही हात लागत, अन् खाली सोडलं का पोट्टं सिधं वायरीकडं रांगे. एका हातानं जोर लावला, हँडल हालेना. रडूच आलं मले.

"आण इकडं," म्हातारी दारात येऊन म्हणे.

किती महिने झालते, माह्या पोराले आमच्या दोघायशिवाय कोणी घेतलं नोतं. ते रडलं नाई. तिच्या खांद्यावर डोकं टेकून राह्यलं, अन् मी दोन्ही हातानं दाबून हँडल दाराकडं केलं. मोटर चालू, जराशानं बंद. मंग हौदाकडं. पुन्ना बटन. कुठूनच पाणी गळलं नाई. हौदाच्या कडेच्या छेदातून पाणी गुळगुळ करत यायले लागलं.

"झाली का आंघोळ वाळूची?"

"झाली, माय. चहा मांडू का?"

"नाई व, बकऱ्या पांगतीन. पुन्ना धुशील तवा येतो. आवाज येते दूरलोक."

दिवेलागणीले हे आले. हौदाभोवती फिरले, तळाच्या टाइला पाह्यल्या. "कोणं केलं?"

"म्या."

"मिस्त्री आलता का?"

"नाई."

दुसऱ्या दिवशी सक्काळी शेठ पाव्हण्यायले सांगत होते का मिस्त्रीनं फर्स्टक्लास काम केलं.

आमचं सामान फाटकाबाहेर गेलं नाई. त्याच खोलीत, त्याच चुलीवर, आमी लय वर्सं काढले. नंतर उलटं पाणी हेच सोडत. ते सोडत तवा मी पोराले घेऊन मांगं बाभळीखाली जाऊन उभी राहत होती, पाणी थांबेलोक. म्हातारी काई आली नाई. बकऱ्या दुसऱ्या शिवारात नेल्या असतीन.

पोट्टं मातर, पाण्याचा आवाज आला का, कोणी नसताना बी दोन्ही हात पुढं करे.